आधी फाईल आणि कागद, मग लोगोची पसंती

तासगावात बेदाणा पॅकिंगची कंपनी काढताय, लोगोचे तीन नमुने आलेत, त्यातला कुठला घेऊ आणि व्हिजिटिंग कार्डाला मॅट लॅमिनेशन (बिनचमक आवरण) करू की यूव्ही (चकचकीत लेप), असं तुम्ही विचारलंय. बाकीच्यांनी आपापली आवड सांगितलीच आहे. माझी नजर अडकली ती तुमच्या शेवटच्या ओळीवर: ‘डिझायनरने जेपीजी व्हॉट्सॲपवर पाठवली, पैसे दिले, पुढच्या आठवड्यात छपाईला टाकतो.’ दादा, थांबा. जवळजवळ हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं होतं.

आमचं कुपवाड एमआयडीसीत हळद-मसाल्याचं छोटं युनिट आहे. लोगो एका एजन्सीकडून करून घेतला. नाव घेत नाही, राहायचं इथंच आहे. घरात मतदान झालं. सासूबाईंना पिवळा रंग आवडला, मुलीला पानावरचा दवबिंदू. फोनच्या काचेवर असा काही झळकत होता की मी लगेच उरलेले पैसे पाठवले. त्यांनी जेपीजी पाठवली. मला वाटलं, झालं काम.

तीच जेपीजी पाऊचवाल्याला दिली. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. आमच्या त्या दवबिंदूपायी सात रंग झाले आणि दोन साइझचे पाऊच, म्हणजे चौदा सिलिंडर. जेपीजी म्हणजे नुसता फोटो, मोठा केला की कडा फाटतात, म्हणून त्यांच्या ऑपरेटरने लोगो वरून गिरवून नव्याने काढला, म्हणजे ट्रेस केला. माल आला तेव्हा नावातली वेलांटी अक्षराला चिकटलेली आणि पिवळा हिरवट झालेला. फोनचे रंग उजेडाचे, छपाईचे शाईचे, हे तेव्हा कोण सांगणार!

एजन्सीकडे मूळ फाईल मागितली, तर म्हणाले, ‘ओपन फाईलचे पंधरा हजार वेगळे.’ चार महिने आज देतो, उद्या देतो चाललं. शेवटी उत्तर आलं की जुन्या क्लायंटच्या फाईली आम्ही ठेवत नाही. पैसे घ्यायची तयारी होती, फाईलच नव्हती! मधल्या काळात बोर्डवाल्याने एक ट्रेस केला, कार्डवाल्याने दुसरा. बाजारात आमचे तीन लोगो फिरायला लागले. इचलकरंजीच्या एका दुकानदाराने पाऊच आणि कार्ड शेजारी ठेवून विचारलं, ‘वहिनी, ह्यातलं डुप्लिकेट कुठलं?’ सिलिंडरच्या पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

खरा दणका पुढे, ट्रेडमार्कच्या वेळी. एजंटने विचारलं, हे चित्र तुमचं आहे, कागद कुठाय? मी बिल दाखवलं. बिल चालत नाही. मी वकील नाही, तुमच्या माणसाला विचारून घ्या, पण मला समजलं ते असं: बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट सहसा त्याचाच राहतो, तो तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचं लेखी हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा बेदाणा उद्या दुबईला गेला तर? म्हणून ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभरासाठी, अमुक रकमेच्या मोबदल्यात’ असं लिहून, लोगोचं चित्र त्याच कागदावर छापून सही घ्या. पैसे आधीच देऊन बसलात, तरी आज गोड बोलून घ्या. वर्षाने तो माणूस फोन उचलेल याचा भरवसा नाही.

फाईल मागताना ‘सीडीआर किंवा एआय, शिवाय पीडीएफ’ असं स्पष्ट म्हणा; पहिल्या दोन म्हणजे डिझायनरच्या, बदल करता येणाऱ्या मूळ फाईली. एक प्रत अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र केलेली हवी, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरांचा चुरा होतो. दुसरी कर्व्ह न केलेली, पुढे बदल करायला. आणि मराठी नावात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, बघा. पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मला ते अजून खुपतं, बाकीच्यांना नसेल खुपत.

लोगो एखाद्या ॲपमधल्या तयार द्राक्षाच्या घडावरून केलाय का, तेही विचारा. तसं असेल तर तोच घड उद्या विजापूरच्या कुणाच्या बॉक्सवर दिसेल आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही. ट्रेडमार्कचा शोध सरकारी साइटवर फुकट घेता येतो. नोंदीसाठी मालाचे वर्ग पाडलेत: सुकामेवा २९व्या वर्गात, मसाले ३०व्या. ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, पण ती व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला; उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडलं नाहीत तर कंपनी म्हणून ९,००० पडतील. अर्ज काळ्या-पांढऱ्यात करा, म्हणजे संरक्षण एका रंगापुरतं राहत नाही. नोंदणी होईपर्यंत गोलातला आर छापू नका, कायद्याने ते चालत नाही. आणि ‘सांगली बेदाणा’ला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणून ते चिन्ह लगेच लोगोत घुसडू नका, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते.

बोर्डासाठी मराठी लोगो आत्ताच करून घ्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असले तरी देवनागरी पाटी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आम्ही इंग्रजी लोगोखाली मराठी नाव कोंबलं होतं, पाटी पुन्हा करावी लागली.

आता कार्ड. साडेतीन बाय दोन इंच, ३०० जीएसएम जाडीचा कागद, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी जादा छपाई), हे प्रेसवाला सांगेलच. माझा हट्ट एकच, मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनशिवाय ठेवा. मार्केट यार्डातला व्यापारी कार्ड घेतो, उलटं करतो आणि भाव लिहितो. गुळगुळीत कार्डावर बॉलपेन घसरतं, मग तो दुसऱ्याच्या कार्डावर लिहितो आणि खिशात तेच जातं. काळ्या कार्डावर सोनेरी यूव्ही दिसतं झकास, पण ते इंटेरिअरवाल्यांना शोभतं. पहिल्यांदा शंभरच छापा. आमच्याकडे जुन्या नंबरची नऊशे कार्डं पडून आहेत, मुलगी त्यावर शब्दार्थ पाठ करते.

राहिला तुमचा प्रश्न. तीनपैकी दुसरा घ्या. पहिल्यातल्या रंगछटा १५ किलोच्या खाकी बॉक्सवर एका रंगात उतरणार नाहीत, तिसरा रबरी शिक्क्यात नुसता डाग दिसेल. दुसऱ्यातला देठ फक्त थोडा जाड करून घ्या.