शंका-समाधान : बोट काचेवर की डायलवर?

प्रश्न : इतकी वर्षं मोबाइलवर फोटो काढले, आता पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. एका मॉडेलला दोन डायल, जॉयस्टिक आणि डझनभर बटणं आहेत. दुसऱ्याला एकच डायल आहे, बाकी सगळं टचस्क्रीनवर. मला टचची सवय आहे. मग बटणांसाठी जास्त वजन आणि पैसे कशाला?

मोबाइलवर तुम्ही स्क्रीनकडे बघतच फोटो काढता, त्यामुळे बोट कुठे पडतंय ते दिसत असतं. कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे दृश्य बघायची छोटी खिडकी, डोळ्याला लावला की स्क्रीन गालाखाली जाते. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोटाला तिच्यावर काहीच वाचता येत नाही. डायलला खाचा असतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटर १/६० सेकंदावरून १/५०० वर न्यायचं तर तीन स्टॉप, म्हणजे नऊ क्लिक. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० वरून १६०० म्हणजे चार स्टॉप, बारा क्लिक. हे अंगठ्याने मोजता येतं आणि डोळा दृश्यावरच राहतो.

एकच डायल असलेल्या कॅमेऱ्याची अडचण मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सगळं स्वतः ठरवताना, कळते. शटर डायलवर असतं आणि अ‍ॅपर्चरसाठी (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा आकार) एखादं बटण दाबून तोच डायल फिरवावा लागतो. घाईत बटण नीट दाबलं जात नाही आणि अ‍ॅपर्चरऐवजी शटर हलतं. तुम्ही कायम अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवरच (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) राहणार असाल तर मात्र एका डायलवर भागतं.

टच कमी दर्जाचा असं आम्ही म्हणणार नाही. ट्रायपॉडवर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, करताना फुलाच्या नेमक्या पुंकेसरावर बोट ठेवून फोकस करणं जॉयस्टिकने बारीक बारीक सरकत जाण्यापेक्षा कितीतरी सोपं. मेन्यूतल्या लांबलचक याद्या, फोटो मोठा करून तीक्ष्णता तपासणं, व्हिडिओत एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फोकस नेणं, ही कामंही काचेचीच. व्हिडिओत आणखी एक फायदा : डायलचा खटका अंगच्या माइकमध्ये रेकॉर्ड होतो, बोटाचा हलका स्पर्श सहसा होत नाही.

घेण्याआधी कॅमेरा हातात घ्या, डोळ्याला लावा आणि खाली न घेता चार गोष्टी करून बघा : शटर बदला, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) एक स्टॉप कमी करा, आयएसओ वाढवा, फोकस पॉइंट मध्यावरून डाव्या कोपऱ्यात न्या. ज्या वेळी कॅमेरा खाली घ्यावा लागला, ती उणीव पुढे रोज टोचेल. आमच्या मते दोन डायल सोडू नका. जॉयस्टिकवर तडजोड चालेल. डोळे आणि चेहरा ओळखणाऱ्या ऑटोफोकसमुळे पॉइंट हाताने हलवण्याचं काम बरंच कमी झालं आहे.

प्रश्न : व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस पॉइंट आपोआप कोपऱ्यात पळतो. कॅमेरा बिघडलाय का?

बिघडलेला नाही, तुमचं नाक त्याला हलवतंय. डोळा व्ह्यूफाइंडरला लावल्यावर स्क्रीन टचपॅडसारखी वापरायची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते. उजव्या अंगठ्याने पॉइंट सरकवावा ही त्यामागची कल्पना. पण काचेला अंगठा काय आणि नाक काय.

मेन्यूत टच पॅड किंवा टच अँड ड्रॅग या नावाजवळ शोधा. तिथे दोन गोष्टी बदला. पहिली, स्थान ठरवण्याची पद्धत. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असेल तर जिथे स्पर्श होईल तिथे पॉइंट उडी मारतो. ‘रिलेटिव्ह’ केल्यावर नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, बोट घासत नेल्यावरच पॉइंट सरकतो. टेकलेलं नाक निरुपद्रवी ठरतं. दुसरी, चालू क्षेत्र. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नाक स्क्रीनच्या डाव्या भागावर येतं, म्हणून फक्त उजवा अर्धा भाग चालू ठेवा. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांची पंचाईत असते, कारण नाक नेमकं अंगठ्याच्या बाजूला येतं. त्यांनी फक्त उजवा वरचा चौथा भाग चालू ठेवून बघावा. तरीही पॉइंट पळत असेल तर टचपॅड सरळ बंद करून जॉयस्टिक किंवा चार दिशांची बटणं वापरावीत. व्ह्यूफाइंडर मध्यावर नसून डाव्या कोपऱ्यात असलेल्या कॅमेऱ्यांत, उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक बॉडीच्या बाहेरच राहतं.

प्रश्न : पावसात स्क्रीन वेड्यासारखी वागते आणि हातमोजे घातले की दादच देत नाही. दोन्ही कसं?

कारण एकच आहे. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागची विद्युत धारिता बदलते, तोच ‘स्पर्श’. दाबाशी त्याचा संबंध नाही. पाण्याचा थेंबही धारिता बदलतो, म्हणून तो बोटासारखा वाचला जातो. लोकरीचा मोजा विद्युतरोधक, म्हणून त्याआडचं बोट दिसतच नाही.

पाऊस सुरू होण्याआधीच टच बंद करा. ओल्या काचेवर मेन्यू उघडणं म्हणजे कसरत. टच बंद-चालू करण्याचं काम एखाद्या बटणाला नेमून देता येत असेल तर उत्तम. मोज्यांसाठी काही कॅमेऱ्यांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवता येते, नाहीतर बोटाच्या टोकाला वाहक धागा विणलेले मोजे घ्या. मोजे घालूनही चालणारा डायल मात्र कडक आणि खोल खाचांचा हवा. गुळगुळीत, बॉडीत बुडालेले डायल जाड मोज्यात सापडत नाहीत.

कॅमेरा पाण्याखाली नेणार असाल तर टच विसराच. हाउसिंगमधून, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या बंद आवरणातून, बोट काचेपर्यंत पोचत नाही. हाउसिंगच्या बाहेरच्या कळा आतली बटणं दाबतात. व्हाइट बॅलन्स, आयएसओ, फोकस मोड यांना आधीच बटणं नेमून ठेवा. एखादी सेटिंग फक्त टचनेच बदलत असेल तर ती पाण्यात उतरण्यापूर्वी लावलेली असावी.

प्रश्न : मागचा डायल एक क्लिक पुढे फिरवला की आकडा कधी दोनने मागे जातो, कधी हलतच नाही.

आधी ऑटो आयएसओ बंद करा, मॅन्युअल मोडवर जा आणि डायलची दिशा उलटी नेमलेली नाही ना, ते बघा. तरीही तसंच असेल तर दोष एन्कोडरचा, म्हणजे डायल किती आणि कुठे फिरला ते वाचणाऱ्या भागाचा. डायलखाली दोन संपर्क असतात. कोणता आधी जोडला जातो यावरून कॅमेरा दिशा ओळखतो. एकावर धूळ बसली किंवा गंज चढला की क्रम चुकीचा वाचला जातो, म्हणून आकडा उलटा पळतो. प्रकाशावर किंवा चुंबकावर चालणाऱ्या एन्कोडरमध्ये असे घासणारे संपर्क नसतात.

कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, रबरी ब्लोअरने डायलच्या फटीत हवा मारा, मग डायल दोन्ही दिशांना चाळीस-पन्नास वेळा फिरवा. पातळ थर असेल तर घासून निघतो. वंगणाचा किंवा क्लीनरचा फवारा मारू नका. द्रव आत झिरपून जिथे नको तिथे जातो आणि दुरुस्ती महाग होते. फरक पडला नाही तर भाग बदलावा लागेल. तोवर मेन्यूतून पुढच्या आणि मागच्या डायलच्या कामांची अदलाबदल करा आणि जे तुम्ही सतत बदलता ते चांगल्या डायलवर ठेवा.

याच्या उलट, टच बिघडला आणि काच स्वतःच कुठेही दाबल्यासारखी वागू लागली, तर बटणांनी मेन्यूत जाऊन टच बंद करा. कॅमेरा चालत राहील. बटणांनी सगळा मेन्यू चालवता येणं हा असा विमा आहे.

प्रश्न : शटर, आयएसओ यांचे आकडे कोरलेल्या डायलचा कॅमेरा घेतला. सी१ वर (स्वतःची सेटिंग साठवण्याची जागा) साठवलेलं सेटिंग अर्धवटच का लागू होतं?

कोरलेला डायल १/१२५ वर उभा असताना आतलं सॉफ्टवेअर तो १/१००० वर फिरवू शकत नाही. त्यामुळे अशा कॅमेऱ्यांत साठवणीत बहुधा रंग, तीक्ष्णता असल्या गोष्टीच जातात. कॅमेरा बंद असतानाही सेटिंग दिसतं, त्या सोयीची ही किंमत. शटरच्या डायलवर सहसा पूर्ण स्टॉप कोरलेले असतात; मधले आकडे हवे असतील तर ‘टी’ खूण असल्यास डायल तिच्यावर ठेवा आणि बिनआकड्याचा डायल वापरा.

एक खबरदारी : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या डायलला कुलूप नसेल तर तो बॅगेत घासून फिरतो. सगळे फोटो सारखेच काळवंडलेले दिसले तर आधी तिथे बघा.

प्रश्न : टचस्क्रीन आणण्यात घाई झाली का? काही कंपन्या मागे फिरल्यासारख्या वाटतात.

सरसकट नाही. पॅनासॉनिकच्या जी२ ने २०१० मध्ये लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात टच आणला, कॅननच्या ६५०डीने २०१२ मध्ये डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत. दोघांनीही बटणं ठेवली आणि टच टिकला. जिथे बटणाच्या जागीच स्पर्श बसवला तिथे गणित बिघडलं. कॅननच्या ईओएस आर या २०१८ च्या कॅमेऱ्यावर अंगठ्याजवळ स्पर्शाची पट्टी होती. नकळत अंगठा लागून सेटिंग बदलू नये म्हणून कुलूप, आणि ते उघडण्यात उशीर. २०२० च्या आर५ आणि आर६ वर ती पट्टी नव्हती, जॉयस्टिक होती.

प्रश्न : कॅमेरा गळ्यात असताना आपोआप फोटो निघतात. पोटाचेच शंभर निघाले!

टच शटर चालू राहिलंय. स्क्रीनच्या कडेला बोटाची खूण शोधा आणि ती बंद करा. स्क्रीन उलटी वळत असेल तर चालताना काच आत करून मिटा. आणि काच पुसताना कॅमेरा बंद ठेवा, नाहीतर फडक्यानेच पाच सेटिंग बदलतील.