वाचकांचे प्रश्न : नवे कार्ड बसवूनही फ्रेम का वाढत नाहीत?

प्रश्न : माझ्या संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबीची एकच रॅम आहे. जुने जीटीएक्स १६६० सुपर काढून मी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवले. मॉनिटर फुल एचडी, १४४ हर्ट्झचा आहे. तरीही ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये फ्रेमसंख्या (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) जवळजवळ पूर्वीइतकीच आहे आणि चकमक सुरू झाली की खेळ अडखळतो. थोरला भाऊ कार्ड सदोष असल्याचे म्हणतो, तर दुकानदार प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलायला सांगतात. काय करावे?
— एक विद्यार्थी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आणखी एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी मोजमाप करा. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी खेळाडूंच्या जागा, हालचाली आणि गोळीबाराचा हिशेब करून चित्र काढण्याच्या आज्ञा तयार करतो आणि त्यानंतर कार्ड ते चित्र रेखाटते. सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ६.९ मिलिसेकंद येतात. प्रोसेसरला त्याच्या वाटणीच्या कामासाठी ९ मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड कितीही ताकदीचे असले तरी फ्रेम १११च्या पुढे जाणार नाहीत.

‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमवरील मर्यादा बंद करा आणि खेळताना कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पडद्यावर पाहा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने काम करत आहे. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर अडथळा दुसरीकडे आहे. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या आकड्याने मात्र फसू नका. तुमच्या प्रोसेसरला ६ कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) आहेत; खेळाचा मुख्य थ्रेड एकाच कोअरला पुरता जुंपत असला, तरी एकूण वापर ४० टक्केच दिसू शकतो. खातरजमा करण्यासाठी रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करून तोच नकाशा पुन्हा खेळा. कार्डावरचा भार घटूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर कार्ड निर्दोष आहे असे भावाला सांगायला हरकत नाही. प्रोसेसर आणि कार्डाची नावे टाकताच ‘इतके टक्के बॉटलनेक (अडथळा)’ असा निकाल देणारी संकेतस्थळे या कामी निरुपयोगी आहेत, कारण अडथळा खेळागणिक आणि सेटिंगगणिक बदलतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय रॅमवर आहे. डीडीआर४ ३२०० रॅमची एकच स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, तर दोन स्टिक योग्य खाचांत बसवल्या की ही क्षमता ५१.२ जीबी होते. त्यातच बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, सुरू केलेले नसेल, तर ३२०० म्हणून विकत घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६च्या वेगाने चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात हा वेग आणि वापरातल्या खाचा दोन्ही दिसतात. (सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसले तर घाबरू नका, तिथे निम्मा आकडा दाखवतात.) रायझनच्या या पिढीत प्रोसेसरमधील अंतर्गत दुव्याचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे संथ रॅमचा फटका अधिक बसतो. म्हणून आधी एक्सएमपी सुरू करा, मग त्याच जातीची दुसरी स्टिक घ्या. शक्य असल्यास जुळी जोडीच घ्यावी.

एवढे करूनही कार्ड रिकामेच राहत असेल, तर दुकानदारांचा निम्मा सल्ला बरोबर ठरेल. प्रोसेसर बदलावा, मदरबोर्ड बहुधा बदलावा लागणार नाही. बायोस अद्ययावत केल्यावर बहुतेक बी४५० बोर्डांवर रायझन ५ ५६०० चालतो. दोन्ही प्रोसेसरांत ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) असली, तरी ३६००मध्ये ती १६-१६ अशी विभागलेली आहे आणि ५६००मध्ये सहाही कोअरना सलग मिळते. खेळांत याचा फरक जाणवतो. मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये खरोखरच १४४ हर्ट्झवर आहे ना, हेही एकदा पाहून घ्या.

प्रश्न : खेळ सुरुवातीला उत्तम चालतो, पण अर्ध्या तासाने फ्रेम घसरतात. संगणक तीन वर्षांचा आहे.
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आधी तापमान तपासा. नाशिकची हवा थंड असल्याचा लौकिक असला, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि औद्योगिक वसाहतीजवळ धूळही कमी नसते. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे तापमान व क्लॉक (चालण्याचा वेग) पहिल्या पाच मिनिटांत आणि अर्ध्या तासानंतर असे दोनदा नोंदवा. तापमान चढताना क्लॉक उतरत असेल, तर केबिनेटचे बाजूचे पॅनेल काढून पुन्हा खेळा. त्याने फरक पडला तर हवा खेळती राहत नाही असे समजावे आणि जाळ्या व पंखे साफ करावेत. ब्लोअर मारताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवा. पॅनेल काढूनही प्रोसेसर तापत असेल, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या. तापमान आणि क्लॉक दोन्ही स्थिर असूनही घसरण होत असेल, तर कार्डाची मेमरी भरत चालली आहे का ते पाहा आणि खेळाच्या सेटिंगमधील टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांची) पातळी एक पायरी खाली आणा.