कोक ओव्हन गॅसमध्ये (कोळसा हवेविना तापवून कोक करताना निघणाऱ्या वायूत) निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, मग स्टील प्लांट तो वेगळा न काढता जाळून का टाकतात?

काढतात की, आणि ते आजचं नाही. राउरकेल्याच्या खत कारखान्यात १९६०च्या दशकातच स्टील प्लांटच्या या गॅसमधला हायड्रोजन अमोनियासाठी वापरत होते. शिवाय तुम्ही म्हणता तसा तो ‘जाळून टाकत’ नाहीत, त्याच्यावर भट्ट्या चालतात. गोम तिथेच आहे.

एक टन कोळशाचा कोक करताना साधारण ३०० घनमीटर गॅस निघतो. त्यात ५५-६० टक्के हायड्रोजन, पाव हिस्सा मिथेन. हिशेब केला तर टनामागे जेमतेम १५ किलो हायड्रोजन. त्यातला बराच गॅस कोक ओव्हनच परत खातं, उरलेला रोलिंग मिलच्या भट्ट्यांना आणि पॉवर प्लांटला.

काढायची पद्धत म्हणजे पीएसए (प्रेशर स्विंग अ‍ॅड्सॉर्प्शन), म्हणजे दाब वरखाली करून वायू वेगळे करणं. गॅस दाबाखाली टॉवरमधून सोडायचा; आतल्या कार्बन आणि झिओलाइट या सच्छिद्र पदार्थांना बाकीचे वायू चिकटतात, हायड्रोजन निसटून पुढे जातो. दाब उतरवला की चिकटलेलं सुटतं. तोवर दुसरा टॉवर कामाला लागलेला असतो.

वाचायला सोपं वाटतं. मी काही वर्षं एका प्लांटच्या बाय-प्रॉडक्ट विभागात होतो, तिथे खरा वैरी नॅफ्थलीन. म्हणजे आपली डांबरगोळीच! थंडी पडली की लाइनीत तिचे पांढरे चकचकीत पापुद्रे जमायचे, दाब बसायचा आणि रात्रपाळीला स्टीम मारत बसावं लागायचं. घरी गेलो की आई म्हणायची, जुनी ट्रंक उघडल्यासारखा वास येतोय तुला. हे नॅफ्थलीन आणि डांबर टॉवरपर्यंत पोचलं तर आतला महागडा माल कामातून गेलाच. म्हणून पीएसएपेक्षा आधीची सफाईच जास्त डोकं खाते. वर हा गॅस जवळजवळ बिनदाबाचा, त्यामुळे कॉम्प्रेसरची वीज वेगळी.

एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते. आकारमानाने निम्म्याहून जास्त असलेला हायड्रोजन उष्णता देतो एकूण गॅसच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. तो काढून घेतला तरी उरलेला मिथेनवाला गॅस भट्टीला परत देता येतो, आणि तो घनमीटरमागे आधीपेक्षा जास्तच उष्णता देतो. तूट राहते ती त्या एक तृतीयांशाची.

(याला ग्रीन हायड्रोजन मात्र कुणी म्हणू नये. मूळ कोळसाच आहे.)

आमच्याकडे हा विषय मीटिंगमध्ये निघाला की एनर्जीवाल्यांचा पहिला सवाल ठरलेला असायचा: “हायड्रोजन न्या खुशाल, पण मिलच्या भट्टीत त्याच्या जागी काय घालू ते आधी सांगा.”