लिव्हर चांगलं, पण पित्तनळ्यांचं काय?

प्रश्न: डॉक्टर, काकांचं नाव ट्रान्सप्लांटसाठी जीवसार्थकथेत (कर्नाटक सरकारची अवयव वाटप संस्था) घातलंय. दात्याच्या लिव्हरच्या पित्तनळ्या खराब निघू शकतात म्हणायलेत, आधी कळतं का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: बऱ्यापैकी कळतं, पण सगळीकडे नाही. लिव्हरला दोन रक्तवाहिन्यांतून रक्त मिळतं, पित्तनळ्यांची भिस्त मात्र मुख्यतः त्यातल्या एकीवर, हिपॅटिक आर्टरीवर (लिव्हरची धमनी), म्हणून रक्त थांबलं की त्यांना जास्त फटका बसतो आणि त्रास कधी कधी काही महिन्यांनी कावीळ होऊन दिसतो. परफ्यूजन मशीन (शरीराबाहेर लिव्हरमधून रक्तासारखा द्रव फिरवून ते जिवंत ठेवणारं यंत्र) असेल तर लिव्हर ३७ डिग्रीला चालवून पित्त तपासतात, नळ्यांचं अस्तर निरोगी असेल तर ते बायकार्बोनेट (आम्लता कमी करणारा क्षार) सोडतं नि साखर शोषतं, म्हणजे पित्ताचा पीएच ७.४५ च्या वर आणि ग्लुकोज कमी. नुसतं पित्त भरपूर आलं म्हणून खुश होऊ नये! बर्फातून आणलेल्या लिव्हरचं असं पित्त तपासता येत नाही, तिथे सर्जनची नजर, बर्फात गेलेला वेळ, क्वचित नळीच्या तुकड्याची बायोप्सी. तुमच्या सेंटरला मशीनचं विचाराच.