दहावीचं विज्ञान: उजवा हात कधी, डावा हात कधी? मुलीला घरी कसं समजवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली, आता दहावीचं पुस्तक इंग्रजीत आहे. विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामांच्या धड्यातले दोन्ही हातांचे नियम तिला तोंडपाठ आहेत, तरी दिशा विचारली की उत्तर चुकतं. घरी मराठीतून कसं समजवावं?

मी फोंडा तालुक्यात बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो. हा धडा माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट तपासा. गणित सोडवताना तिच्या उजव्या हातात पेन असतं. पेन खाली न ठेवता ती मोकळा डावा हात वर करते का? माझ्या वर्गात दरवर्षी चारपाच मुलांचे गुण निव्वळ यामुळे जातात. नियम बरोबर, हात चुकीचा, म्हणून उत्तर नेमकं उलटं.

खरी अडचण मात्र हातांच्या आधीची आहे. लोहचुंबक खिळ्याला ओढतो, दोन चुंबकांची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात, एवढंच मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यांच्या लेखी बल म्हणजे ओढणं किंवा ढकलणं. वीज वाहणारी तार होकायंत्राच्या सुईला (चुंबकसूचीला) ओढतही नाही, ढकलतही नाही. ती तिला आडवी फिरवते. ही गोष्ट चमत्कारिक आहे आणि ती चमत्कारिक आहे असं मुलांना सांगायला हवं. 1820 साली कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओरस्टेडने हे पाहिलं, तेव्हा युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ चकित झाले होते. तार सुईच्या वर धरली तर सुई एका बाजूला वळते, तीच तार सुईखाली धरली तर दुसऱ्या बाजूला. तारेच्या वर आणि खाली दिशा उलट, म्हणजे तारेभोवती काहीतरी गोल फिरतंय, हे त्यातूनच कळलं.

आता अंगणातल्या तुळशीकडे चला. प्रदक्षिणा घालताना तुळस आपल्या उजव्या हाताला असते. माडीवरून पाहिलं तर आपण घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतो. तुळशीच्या जागी एक उभी तार आहे आणि तिच्यातून धारा वरून खाली वाहते आहे असं समजा. तिचं चुंबकीय क्षेत्र अगदी असंच प्रदक्षिणा घालतं. वाटेत कुठेही चुंबकसूची ठेवली, तर त्या जागी चालणाऱ्या माणसाचं तोंड जिकडे असेल तिकडे सुईचं उत्तर टोक वळू पाहतं. धारा खालून वर गेली की प्रदक्षिणा उलटी. मग तिला उजवा हात तपासायला सांगा: अंगठा धारेच्या दिशेने, म्हणजे खाली केला की बोटं क्षेत्राच्या, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने वळतात. नियम आता पाठांतराचा राहत नाही, तुळशीची आठवण झाली की पुरे.

यानंतर प्रयोग केलाच पाहिजे. चुंबकसूची टेबलावर ठेवा आणि तांब्याची तार तिच्यावर 1 सेंटिमीटर उंचीवर, सुईच्याच दिशेने म्हणजे उत्तर-दक्षिण धरा. टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब जोडा. सुई किती वळेल हे आधी कागदावर काढायचं, ही माझी अट असते. लांब सरळ तारेतून 1 अँपिअर धारा गेली तर 1 सेंटिमीटरवर 20 मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र तयार होतं. गोव्यात पृथ्वीचं आडवं क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. टॉर्चचा बल्ब साधारण 0.3 अँपिअर घेतो, म्हणजे तारेचं क्षेत्र 6. सहा भागिले चाळीस म्हणजे 0.15, हा ज्या कोनाचा टॅन (tan) तो कोन आठ-नऊ अंश. बल्ब काढून तार क्षणभर थेट सेलला टेकवली आणि धारा 2 अँपिअर झाली, तर तारेचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राइतकंच होतं आणि सुई बरोबर मधोमध, 45 अंशांवर येते. नव्या सेलमधून धारा याहून जास्तही येते, तेव्हा सुई पुढे जाईल. दोन सेकंदांत तार सोडा, ती आणि सेल दोन्ही तापतात. ज्या मुलीने सुई आणि पृथ्वी यांची अशी ओढाताण स्वतः पाहिली, ती हा धडा विसरत नाही.

घरातल्या विजेच्या वायरजवळ सुई का हलत नाही, असं ती विचारेल. तिथली धारा सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, शिवाय जाणारी आणि परतणारी तार शेजारी असल्यामुळे दोघींची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. तिथे प्रयोग मात्र करू देऊ नका.

चुंबकाच्या बलरेषा पाहायला लोखंडाचा कीस मिळाला नाही, तर किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवा. जे काळे कण चिकटतील त्यांनी काम भागतं. डिचोली-सत्तरीची मुलं खाणीची लाल माती आणतात आणि ती चिकटत नाही म्हणून हिरमुसतात. तिच्यातलं लोह मुख्यतः हेमेटाइटच्या रूपात असतं, आणि हेमेटाइटला साधा चुंबक जवळजवळ ओढतच नाही.

तार गोल वळवली, असे अनेक वेढे एकापुढे एक घातले की नालकुंतल होतो आणि पट्टीचुंबकासारखा वागतो. इथे मुलं फारशी अडत नाहीत.

आता डावा हात. फ्लेमिंगच्या नियमात तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट धारेची आणि अंगठा बलाचा. परीक्षेला तो हवाच, पण बल त्या दिशेने का लागतं हे उजव्या हातानेच कळतं. कागदावर क्षेत्राच्या रेषा डावीकडून उजवीकडे काढा. मध्ये एक ठिपका, म्हणजे कागदातून आपल्याकडे येणारी धारा. उजव्या हाताचा अंगठा आपल्याकडे केला की तारेचं स्वतःचं क्षेत्र ठिपक्याच्या वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जातं. वर दोन्ही क्षेत्रं एकमेकांविरुद्ध, खाली एकमेकांना साथ. खाली रेषा दाटतात, वर विरळ होतात आणि तार विरळ बाजूला, म्हणजे वर ढकलली जाते. मग डावा हात धरून पाहायला सांगा, अंगठा वरच येतो. हे चित्र तिने चार वेळा काढलं की कुठला हात कधी, हा गोंधळ उरत नाही. तारेने क्षेत्र निर्माण केलं तर उजवा, दुसऱ्याच्या क्षेत्रात तारेला धक्का बसला तर डावा.

एनसीईआरटीच्या पुस्तकातून मोटर आणि जनित्र वगळले, याचं मला फार वाईट वाटतं. डाव्या हाताचा नियम शिकायचा आणि तो जिथे राबतो ते यंत्र पाहायचं नाही, हे अर्धं शिक्षण झालं. तुमच्याकडे विहिरीचा पंप असेल, तर पुढच्या वेळी तो वाइंडिंगला जाईल तेव्हा मुलीला सोबत न्या. उघड्या मोटरीतले तांब्याचे वेढे दाखवा आणि धक्का कुठल्या बाजूला बसत असेल ते तिलाच सांगू द्या, मराठीत.