वन्यप्राण्यांच्या आजारांच्या नोंदींसाठी ऑनलाइन पोर्टल बनवतोय. डेटाबेस कुठला घ्यावा आणि माहिती किती खुली ठेवावी?

डेटाबेस पोस्टग्रेस घ्या, त्यावर नकाशातली ठिकाणं हाताळणारी पोस्टजीआयएस ही जोडणी बसवा, विषय संपला. डेटाबेसपायी पोर्टल बुडालेलं मी पाहिलेलं नाही. बुडतं ते फॉर्मपायी.

आमच्या फॉर्मात 'मृत्यूचं कारण' हा रकाना सक्तीचा होता. मी पहिल्याच बैठकीत म्हटलं, जंगलात शव बघणाऱ्याला कारण कुठून कळणार? 'माहीत नाही' असा पर्याय तरी ठेवा. प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, "तो ठेवला की सगळे तोच निवडतील, मग त्या डेटाला किंमत काय?" यादी अकारविल्हे लागली. पहिलं नाव अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांचा एक जीवघेणा जंतुरोग.

आता डोळ्यांसमोर आणा. नाकाला रुमाल, एका हातात फोन, रेंज येते-जाते, आणि फॉर्म काही पुढे सरकत नाही. खाली लाल अक्षरं: 'कारण निवडा'. माणूस यादी उघडतो, पहिल्या नावावर बोट ठेवतो, सुटतो. दोन महिन्यांत आमचा नकाशा अँथ्रॅक्सच्या ठिपक्यांनी भरला. हरणं, रानडुकरं, आणि एक घुबड. पक्ष्यांना अँथ्रॅक्स सहसा होत नाही, त्या घुबडामुळेच माझं लक्ष गेलं.

हसून सोडून दिलं असतं. पण अँथ्रॅक्सचा संशय असलेलं शव फाडत नाहीत. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू बनतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पोर्टलवरचे ठिपके बघून त्या भागातली पुढची तीन शवं न उघडता जाळली गेली. ती कशाने मेली हे आता कुणालाच कळणार नाही. अहवालात मात्र छापलं, 'कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अपुरं पडलं.' तेही बहुधा यादीतलं पहिलंच कारण असावं.

म्हणून डोळ्यांना दिसलं ते एका तक्त्यात ठेवा, प्रयोगशाळेने सांगितलं ते दुसऱ्यात. रोगाचं निदान संशयित की पक्कं, तेही लिहा. २०१५ मध्ये कझाकस्तानात दोन लाखांवर सायगा, म्हणजे तिथल्या गवताळ रानातले हरणासारखे प्राणी, काही आठवड्यांत मेले. एरवी त्यांच्याच अंगात निमूट राहणारा पाश्चरेला नावाचा जिवाणू जिवावर उठला होता, पण हे तपासण्यांनंतर कळलं. पहिल्या दिवशी तिथल्या माणसाने कारण काय निवडायचं होतं? आणि तपासणीत काही सापडलं नाही, तर तीही नोंद ठेवा. रिकामा रकाना आणि 'तपासलं, नाही सापडलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खुलेपणाचं म्हणाल तर दुर्मीळ प्राण्याचं नेमकं ठिकाण उघडं ठेवू नका, शिकारीही नकाशे वाचतात. पक्ष्यांच्या नोंदींचं ई-बर्ड हे संकेतस्थळसुद्धा संवेदनशील जातींची ठिकाणं झाकतं. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर एकाच अंकापर्यंत दाखवले, की विषुववृत्ताजवळ साधारण ११ किलोमीटरचा चौकोन होतो. साथ कुठे सरकतेय हे कळायला तेवढं पुरतं.

प्रमुखांचं एक खरं ठरलं, हे मान्य करतो. 'माहीत नाही' आल्यावर बहुतेकांनी तेच निवडलं. पण तेच तर खरं होतं! आणि सक्तीचं काहीच नको असंही नाही. प्राणी, ठिकाण, संख्या, नोंद करणाऱ्याचा फोन आणि तारीख हवीच. तारीख म्हणजे शव दिसल्याची. मेल्याची वेगळी, ती रिकामी राहिली तरी चालेल. यावरूनही आमचं भांडण झालं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.