चेतासंस्थेचा अभ्यास सुरू करताना

चेतासंस्थेचा अभ्यास नव्याने सुरू करताना आपण मेंदूच्या भागांची नावे पाठ करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंदू व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील चेतातंतूंचा दोर) मिळून मध्यवर्ती, तर कर्पर चेतांच्या (थेट मेंदूशी जोडलेल्या नसांच्या) १२ आणि मेरुचेतांच्या (मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांच्या) ३१ जोड्या मिळून परिघीय चेतासंस्था होते, एवढा आराखडा प्रारंभी पुरेसा आहे. त्यानंतर एकच प्रतिक्षिप्त क्रिया (विचार न करता आपोआप घडणारी हालचाल) मुळापासून समजून घ्यावी. गुडघ्याच्या वाटीखाली छोट्या हातोडीने हलका आघात केला, की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, त्या ताणाची वार्ता संवेदी चेतापेशी मेरुरज्जूत नेते, तेथे ती एकाच चेतासंधीवरून (दोन चेतापेशींमधील जोडावरून) स्नायूला हालवणाऱ्या प्रेरक चेतापेशीकडे पोहोचते आणि मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता पाय पुढे उसळतो. (त्याच वेळी मांडीमागचा स्नायू सैल करणारी दुसरी वाटही अवश्य पाहावी, मला तीच अधिक रंजक वाटते.) मग संदेशांच्या वेगाकडे वळावे: पायाचे बोट ठेचकाळल्यावर तीक्ष्ण कळ आधी येते आणि ठणका मागाहून, कारण कळ मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असलेल्या तंतूंतून धावते, तर ठणक्याचे अनावृत तंतू संदेश सेकंदाला जेमतेम १ मीटर वेगाने नेतात. चेतापेशीत हे संदेश निर्माण करणारी सोडियम आणि पोटॅशियम आयनांची (विद्युतभारित कणांची) ये-जा यानंतर हाती घ्यावी. हृदयाचे ठोके, पचन अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्था सर्वांत शेवटी ठेवली तरी चालेल.